गुणसूत्रापासून अल्गोरिदमपर्यंत

१९५८ साली पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एक गुणसूत्र जास्तीचे दिसले. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे पुढच्याच वर्षी जाहीर झाले. पेशी वाढवण्याचे जिकिरीचे काम मार्थ गोतिए यांचे. निबंधावर पहिले नाव जेरोम लेजन यांचे. श्रेयाचा तो वाद बरीच वर्षे चालला.

लेजन यांना या मुलांसाठी उपचार शोधायचा होता. झाले भलतेच. गर्भजल तपासून तेच गुणसूत्र पाहायचे आणि गर्भ ठेवायचा की नाही ते ठरवायचे, असा पायंडा पडला. अशा तपासणीचे काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. लिंगनिदानाला आवर घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्यालाच करावा लागला.

११ फेब्रुवारी १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीवरक्षणाच्या प्रश्नांवर विचार करण्यासाठी व्हॅटिकनमध्ये ‘पाँटिफिकल अकॅडमी फॉर लाइफ’ ही अकादमी स्थापन केली आणि अध्यक्षपद लेजन यांना दिले. ३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, कर्करोगाने ते गेले.

अकादमीची पहिली दोन दशके गर्भपात, टेस्ट ट्यूब बेबी, मूलपेशी, दयामरण यांच्या चर्चेत गेली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नवी नियमावली दिली. सदस्यत्व पाच वर्षांचे झाले, जीवरक्षणाच्या प्रतिज्ञेवर सही करण्याची अट गेली. संस्थेचा कणाच मोडला, अशी टीका झाली.

२०१९ च्या अधिवेशनाचा विषय होता रोबो, २०२० चा कृत्रिम बुद्धिमत्ता. २८ फेब्रुवारी २०२० रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतितत्त्वांच्या ‘रोम कॉल’ या मसुद्यावर मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि इटलीचे सरकार यांच्यासह अकादमीने सही केली. पोप आजारी होते. त्यांचे भाषण अकादमीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्चबिशप पाल्या यांनी वाचून दाखवले. पारदर्शकता, उत्तरदायित्व, निःपक्षपातीपणा अशी सहा तत्त्वे मसुद्यात होती, आणि ती यंत्र घडवतानाच पाळायची होती. जुलै २०२४ मध्ये हिरोशिमात ११ धर्मांचे प्रतिनिधी याच मसुद्यासाठी जमले.

ही तत्त्वे मोडली तर दंड नाही, तपासायला कुणी येत नाही. सारा भरवसा शब्दावर. तरी एक फरक पडला. गुणसूत्राच्या वेळी विचार सुरू झाला तो चाचणी घरोघरी पोहोचल्यावर. या वेळी कारखाना चालू असतानाच प्रश्न विचारले गेले.

मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी रेन्झो पेगोरारो यांना अकादमीचे अध्यक्ष नेमले. ते धर्मगुरू आहेत. त्याआधी वैद्यकशास्त्र शिकलेले.