एका अस्थीची ओळख : जुने गोवे येथील उत्खनन आणि राणी केतेवान

जुने गोवे येथील मोंती सांतो टेकडीवर जांभ्या दगडाचा एक भग्न मनोरा उभा आहे. सुमारे ४६ मीटर उंचीचा हा मनोरा संत ऑगस्टीन चर्चचा शेवटचा उभा अवशेष होय. पर्यटक त्याचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. मात्र गोव्यातील एक अतिशय महत्त्वाचा पुरातत्त्वीय शोध याच मनोऱ्याच्या पायथ्याशी पसरलेल्या ढिगाऱ्यातून लागला.

ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांचे हे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धार्मिक पंथांची हकालपट्टी केल्यावर वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये छत कोसळले, तर १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला.

या अवशेषांशी दूरच्या जॉर्जियाचा इतिहास जोडलेला आहे. पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणचा शाह अब्बास पहिला याने शिराझ येथे सुमारे दहा वर्षे नजरकैदेत ठेवले. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये तिचा छळ करून वध करण्यात आला. शिराझमधील ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थी गुप्तपणे मिळवल्या आणि त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यात आणल्या. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तिला संतपद दिले आहे.

या अस्थी मठाच्या सभागृहाला लागून असलेल्या प्रार्थनागृहात, दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. अडचण अशी की, छत आणि भिंती पडल्यामुळे ते प्रार्थनागृह नेमके कोणते आणि खिडक्या कोठे होत्या, हेच सांगता येत नव्हते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ढिगारा उपसत, भिंतींचे पाये मोकळे करत संकुलाचा आराखडा हळूहळू उलगडला. जॉर्जियाच्या अभ्यासकांचाही या शोधाला हातभार लागला. अखेर २००४ मध्ये त्या खिडकीच्या परिसरात एक अस्थी सापडली.

तरीही प्रश्न उरलाच. मठात अनेक धर्मगुरूंची दफने झाली होती. ही अस्थी राणीचीच कशावरून? उत्तरासाठी ती हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्राकडे सोपवण्यात आली. तेथील शास्त्रज्ञांनी अस्थीतील मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे केवळ आईकडून अपत्याकडे येणारा आनुवंशिक घटक, तपासला. त्यात ‘यू१बी’ हा गट आढळला. भारतातील २२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांत हा गट नव्हता. जॉर्जियातील ३० जणांच्या नमुन्यांपैकी दोघांत तो मिळाला.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यायला हवा. हा डीएनए मातृवंश सांगतो, व्यक्तीचे नाव सांगत नाही. केवळ प्रयोगशाळेच्या बळावर ओळख पटली नसती आणि केवळ कागदांच्या बळावरही नाही. लेखी नोंद, सापडण्याची जागा आणि आनुवंशिक पुरावा हे तिन्ही जुळले, म्हणून हा निष्कर्ष मान्य झाला. तीच अस्थी ढिगाऱ्यातून कोणी उचलून अन्यत्र ठेवली असती, तर ती निव्वळ एक निनावी हाड ठरली असती.

सप्टेंबर २०१७ मध्ये हा अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला पाठवण्यात आला. पुढे जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसी येथे त्याचा एक भाग जॉर्जियाला कायमस्वरूपी सुपूर्द केला. सुमारे चार शतकांनी राणी स्वदेशी पोहोचली.

मोंती सांतोपासून जवळच, संत फ्रान्सिस यांच्या मठात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तेथील वीरगळ आणि सतीशिळा पाहतानाही हाच विचार मनात ठेवावा : वस्तूइतकीच तिची जागा बोलकी असते. गोव्यात आजही विहीर खणताना, शेत नांगरताना किंवा घराचा पाया काढताना एखादा कोरीव दगड वर येतो. तो धुऊन अंगणात मांडण्यापूर्वी जागेवरच राहू द्यावा, छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्या दगडाचे नाव-गाव कदाचित त्याच्या भोवतालच्या मातीतच असेल.