आपली अक्षरं दिसतात का? : संगणक-कंपन्यांविषयीच्या आपल्या मतांचा इतिहास

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक आहे, सुरुवात करू.

आजचा विषय तसा चहाच्या टपरीवरचा आहे. ‘विंडोज बेकार आहे, पण काम त्यावरच होतंय.’ ‘लिनक्स चांगलं म्हणतात, पण आपल्याला कुठं जमतंय?’ ‘गूगल सगळं फुकट देतं, म्हणजे काहीतरी घेत असणारच की.’ ‘व्हॉट्सॲप बंद पडलं तर धंदा बसेल.’ ही असली वाक्यं आपण रोज ऐकतो आणि रोज बोलतो. यात इतिहासाच्या अभ्यासकाने काय शोधायचं, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं, बरंच काही. लोकांची मतं आभाळातून पडत नाहीत. कुणालातरी कधीतरी एखादी अडचण आलेली असते, कुणीतरी ती सोडवलेली असते किंवा सोडवलेली नसते, आणि त्याची आठवण मताच्या रूपाने शिल्लक राहते. तर आज आपण ती अडचण काय होती ते बघू.

हा विषय सोलापुरात मांडायला एक कारण आहे. आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा रोजच्या व्यवहारात आहेत. पूर्व भागातल्या लग्नाची पत्रिका, अक्कलकोटकडच्या पाहुण्यांसाठीची पत्रिका आणि विजापूर वेशीतली पत्रिका अशी तीन कामं एकाच छपाईवाल्याकडे एकाच आठवड्यात येऊ शकतात. ज्या कचेरीत सगळा कारभार इंग्रजीत चालतो, तिथे संगणक चांगला की वाईट हे त्याच्या वेगावर आणि किमतीवर ठरतं. इथे मात्र पहिला प्रश्न वेगळा होता : यात आपली अक्षरं दिसतात का? आणि लगेच दुसरा : मी इथे टाईप केलेलं दुसऱ्याच्या मशीनवर तसंच दिसेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९० नंतरच्या दशकात डीटीपीवाल्यांनी दिलं. खिळे जुळवणारे कंपोझिटर हळूहळू मागे पडले आणि त्यांच्या जागी पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं एखादं पॅकेज आलं. पुण्याच्या सी-डॅकचे फॉन्ट होते, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ होती, बंगळुरूची ‘आकृती’ होती. अशा पॅकेजेसबरोबर अनेकदा एक छोटं हार्डवेअर कुलूप यायचं, म्हणजे डोंगल. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते काढलं की पॅकेज बंद. त्या काळात ऑपरेटरचं मत म्हणजे त्याच्या पॅकेजचं मत असायचं. श्रीलिपीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या पॅकेजला नावं ठेवणार, आणि उलटही तसंच. मायक्रोसॉफ्टबद्दल त्याला फार काही म्हणायचं नसायचं. विंडोज ही त्याच्या दृष्टीने फक्त खालची जमीन होती, घर त्या पॅकेजचं होतं.

आता दुसरा प्रश्न, जो पुढची पंधरावीस वर्षं सगळ्यांना छळत राहिला. हे फॉन्ट चालायचे कसे? संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. त्या जुन्या पद्धतीत प्रत्येक फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यातल्याही सगळ्या वापरता येत नसत. आपली बाराखडी, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या एवढ्या जागेत बसवायच्या तर अक्षरांचे तुकडे करावे लागतात. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने तुकडे केले आणि आपापल्या क्रमाने ते जागांवर बसवले. संगणकाच्या लेखी तुम्ही टाईप केलेली ओळ म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळच होता. फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की ‘सोलापूर’च्या जागी काहीतरी अगम्य इंग्रजी दिसणार.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. जेकार्ड मागावर चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पण तेच पुठ्ठे हुकांची मांडणी वेगळी असलेल्या मागावर चढवले, तर मोर येणार नाही, काहीतरी भलतंच विणलं जाईल. पुठ्ठ्यात दोष नाही, मागातही दोष नाही. दोघांचं आधी ठरलेलं नाही, एवढंच.

मग कुणी ठरवायचा प्रयत्नच केला नव्हता का? केला होता, आणि फार लवकर केला होता. हा भाग सहसा सांगितला जात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आणि खरी गंमत अशी की, मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर तेलुगूचा ‘క’ आणि त्याच कळीवर कन्नडचा ‘ಕ’. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम चाललं होतं, ते मोहन तांबे यांच्यासारख्या अभियंत्यांबरोबर १९८८ मध्ये पुण्याच्या नव्या सी-डॅकमध्ये आलं. १९९१ मध्ये ‘इस्की’ हा अक्षरसंकेत भारतीय मानक झाला. त्यातही तोच विचार : लिप्या वेगळ्या, पण वर्णमाला एका मुशीतली, तर आकडेही एकाच क्रमाने देऊ. सोलापूरसारख्या गावासाठी याहून सोयीचं काय असणार?

पण लोकांचं मत काय झालं? ‘सरकारी आहे, अवघड आहे.’ याला कारण होतं. टायपिंगच्या क्लासात लोक मराठी ३० आणि ४०च्या परीक्षा देऊन आले होते. त्यांची बोटं टाईपरायटरच्या कळफलकावर बसलेली. पत्रिका आणि अहवाल छापणाऱ्याला साठवणुकीचं मानक काय करायचंय? त्याला कागदावर सुबक अक्षर हवं होतं. त्यामुळे मानक कागदोपत्री राहिलं आणि बाजारात फॉन्टवाल्यांचे आपापले क्रम चालू राहिले.

मात्र इस्की वाया गेलं नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली होती. म्हणजे आज जगातला कुठलाही फोन ‘अ’ला ज्या क्रमांकाने ओळखतो, त्या क्रमामागे भारतीय अभियंत्यांचं काम आहे.

पुढचा टप्पा २००० आणि २००१चा. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, तिच्यासोबत आर. के. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉन्ट. तेलुगू आणि कन्नड आली विंडोज एक्सपीमध्ये, ‘गौतमी’ आणि ‘तुंगा’ या फॉन्टांसह. म्हणजे सोलापुरातल्या तीन भाषा पहिल्यांदा एकाच फाईलमध्ये, एकाखाली एक, कुठल्याही डोंगलशिवाय लिहिता येऊ लागल्या. तरीही त्या वेळचं लोकांचं मत आठवून बघा : ‘विंडोजमध्ये मराठी नाही.’ का? कारण एक्सपीमध्ये ती सोय आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, भाषेच्या टॅबवर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करायची, आणि मग संगणक म्हणायचा, विंडोजची सीडी घाला. बाजारातून जुळवून घेतलेल्या पीसीत विंडोज कुणीतरी टाकून दिलेलं असायचं. सीडी कुणाकडे असायची? चौकटीत खूण न केलेल्या मशीनवर मराठी उघडलं की वेलांटी अक्षराच्या नंतर पडायची आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसायची. लोक म्हणायचे मराठी बिघडलंय. बिघडलेलं काही नव्हतं, एक खूण राहिलेली होती.

छपाईवाला तरी का हलला नाही? कारण त्याचं पेजमेकर. २००१ साली आलेली सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती, आणि तिलाही युनिकोड कळत नव्हतं. म्हणून सायबर कॅफेतलं मराठी एका वाटेने गेलं आणि छापखान्यातलं मराठी दुसऱ्या वाटेने. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये. पण त्याच सुमाराला छापल्या जाणाऱ्या स्मरणिका जुन्याच फॉन्टमध्ये होत्या.

या काळात बारीकसारीक गोष्टीही मतं घडवत होत्या. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला तो ‘ऱ्य’ हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. तो नीट कसा काढायचा हे कळायलाच लोकांची वर्षं गेली. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली. म्हणजे ‘ॲप’ हा शब्द मराठीत धड लिहायची सोय व्हायला आणि ॲप नावाची वस्तू बाजारात यायला साधारण एकच गाठ पडली. ‘हिंदीपुरतं करून ठेवलंय’ ही कुरकूर तेव्हा ऐकू यायची, ती अगदीच निराधार नव्हती.

मग मोबाईल. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत मराठीच्या जागी चौकोन दिसायचे. तेव्हा पोरांनी एक युक्ती शोधली : ऑपेरा मिनीत एका आडबाजूच्या पानावर जाऊन अवघड लिप्यांसाठी ‘बिटमॅप फॉन्ट’ची सोय चालू करायची. मग अक्षरांचं चित्र बनून फोनवर यायचं आणि मराठी वाचता यायचं. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली आणि ‘ऑपेरा भारी’ हे मत घडलं. पुढे फोनमध्येच लिपी आली, रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटवणारे कळफलक आले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ज्या माणसाने कधी संगणकाला हात लावला नव्हता, तो व्हॉट्सॲपवर मराठीत, तेलुगूत लिहू लागला.

आणि श्रेय कुणाला मिळालं? ‘गूगलने मराठी आणलं.’ ‘व्हॉट्सॲपमुळे मराठी लिहिता येतं.’ कंपन्यांनी काम केलं हे खरंच आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ‘सोलापूर’ हे ‘सोलापूर’च राहून पोचतं, ते सगळ्यांनी एकच क्रमांक मान्य केल्यामुळे. ते मानक कुणा एकाच्या मालकीचं नाही. माणूस ज्या दारातून आत येतो त्या दाराचं नाव लक्षात ठेवतो, रस्ता कुणी बांधला ते विसरतो. खुल्या बाजूचंही असंच झालं. रेड हॅटने प्रसिद्ध केलेले ‘लोहित’ फॉन्ट मुळात मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले होते, आणि ते खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळे झाले. डोंगलच्या बाजारात वाढलेल्या कंपनीची अक्षरं अशी फुकट वाटली गेली, हे किती जणांना माहीत आहे?

इथवर ऐकून वाटेल की गोष्ट गोड झाली. आता कडू भाग.

१९३०च्या मार्शल लॉच्या काळातला एखादा छापील कागद आज सापडला, तर तुम्ही-आम्ही तो वाचू शकतो. त्याआधीचं मोडीतलं दफ्तर सापडलं, तरी वाचणारे आहेत, आणि २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे. पण १९९७ साली टाईप केलेली एखाद्या यंत्रमाग संस्थेच्या अहवालाची फ्लॉपी सापडली तर? फ्लॉपी वाचायचं यंत्र शोधा, पेजमेकरची ती आवृत्ती शोधा, तो फॉन्ट शोधा. एवढं जमलं तरच मराठी दिसेल. शंभर वर्षांपूर्वीपेक्षा पंचवीस वर्षांपूर्वीचं सोलापूर वाचायला जास्त कठीण, अशी अवस्था आहे. पीडीएफ करून ठेवलं असेल तर डोळ्यांना मराठी दिसतं, पण त्यात एखादं नाव शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण आत अजून तोच गोंधळ आहे. गिरण्या बंद पडण्याचा, कामगार घरी बसण्याचा, गाव बदलण्याचा हाच तर काळ. त्यावर स्मरणिका निघाल्या, संघटनांनी निवेदनं दिली, दिवाळी अंकांत लेख आले. छापील प्रत गेली असेल तर मूळ फाईल हाच आधार.

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झालं. आज गल्लीतल्या मंडळाची नोटीस, वधूवर मेळाव्याची यादी, कारखान्यातल्या वादाची चर्चा, सगळं व्हॉट्सॲपच्या गटांत आहे. २०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गलका झाला, अनेकांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतलं, आणि महिन्याभरात बहुतेक गट जिथल्या तिथे. का? कारण माणसं तिथे होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७ कोटींहून अधिक दंड केला, तेव्हाही आपल्या फोनमध्ये फरक पडल्याचं कुणाला फारसं जाणवलं नाही. पहिला प्रश्न सुटलाय : अक्षरं दिसतात. दुसराही बराचसा सुटलाय. तिसरा प्रश्न आपण विचारायलाच लागलो नाही : मी लिहिलेलं वीस वर्षांनी, ती कंपनी नसताना, उघडेल का?

माझी विनंती साधी आहे. ज्यांच्या घरी, छापखान्यात, संस्थेत जुन्या फॉन्टमधल्या फाईली आहेत, त्यांनी त्या भंगारात घालू नका. फाईलबरोबर तो फॉन्टही जपून ठेवा. फॉन्ट नसेल तर त्याचं नाव तरी लिहून ठेवा. बऱ्याच जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आज मिळतात. रफार आणि ‘ऱ्य’ चुकतात, ते हाताने दुरुस्त करावे लागतात, पण काम होतं. जुन्या पॅकेजवर हात बसलेले ऑपरेटर अजून गावात आहेत. कुठला फॉन्ट कुठला, हे ते छापील कागद बघून ओळखतात. त्यांचं हे ज्ञान पुस्तकात नाही, त्यामुळे ते आहेत तोवरच हे काम उरकायला हवं.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमुक कंपनी भारी, तमुक बेकार, तर वाद घालू नका. फक्त विचारा, ‘यातून माझं लिहिलेलं बाहेर काढता येतं का?’ त्या उत्तरावर मत बनवा.

आता प्रश्न घेऊ.