बिननावाचा प्रेस

'घटनास्थळी तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.' मराठी पेपर वाचणाऱ्याची काडतुसाशी ओळख साधारण इतकीच असते. इथे येईपर्यंत माझीही तेवढीच होती. पुंगळी म्हणजे पुरावा. ती पंचनाम्यात जाते आणि तिथून मुद्देमालाच्या कपाटात. विस्कॉन्सिनमध्ये मात्र लोक हीच पुंगळी जमिनीवरून वेचतात, धुतात, पुसतात आणि बरणीत भरून ठेवतात. आपल्याकडे हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्या ठेवायचे, तशा. कारण ती पुन्हा भरता येते.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटीशी टोपी, आतली दारू (प्यायची नव्हे) आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, टोपी दारूला पेटवते आणि गोळी सुटते. उरतं ते पितळ, आणि चौघांत सगळ्यात महाग बहुधा तेच. फक्त आतल्या दाबाने ते फुगून बंदुकीच्या घराच्या मापाचं झालेलं असतं. त्याला पुन्हा मापात दाबायचं, जळकी टोपी ढकलून काढायची, नवी बसवायची, दारू भरायची आणि वर गोळी दाबायची. या उद्योगाला इथे रीलोडिंग म्हणतात, आणि दाबादाबीचं काम करणारं दांड्याचं यंत्र म्हणजे प्रेस. पुऱ्या दाबायचं यंत्र डोळ्यांपुढे आणा, त्याला चांगलं दहा किलोंचं करा, की झालं.

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे बंदूक नाही आणि घ्यायची इच्छाही नाही. अमेरिकेच्या बंदूकप्रेमाबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा फार वेगळं नसावं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी प्रयोगाला बसू नये. इथे स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. मला यात रस वाटला तो इंजिनियर म्हणून.

त्याचं निमित्त शेजारचे आजोबा. आयुष्यभर गाई सांभाळलेला माणूस, वय ऐंशीच्या घरात. एका शेताच्या लिलावातून त्यांनी एक बिडाचा प्रेस उचलला आणि थेट माझ्या गराजमध्ये आणून ठेवला. त्यावर नाव नाही, नंबर नाही, पेटंटची ओळ नाही. हिरव्या रंगाखाली राखाडी रंग, त्याखाली गंज. "तू इंजिनियर ना? मग सांग हा कुणाचा, आणि चालेल का."

त्यांना तो हौसेसाठी नको होता. त्यांच्या वडिलांची एक सॅव्हेज रायफल आहे, १८९९ मॉडेलची, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी बनलेली. ती .३०३ सॅव्हेज नावाचं काडतूस खाते. आपल्या पोलिसांची ती प्रसिद्ध थ्री नॉट थ्री वेगळी, ती ब्रिटिश. नावातला आकडा सारखा असला तरी एकाचं काडतूस दुसरीत चालत नाही. हे सॅव्हेजवालं काडतूस आता दुकानात जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे पुंगळ्या भरता आल्या तर नोव्हेंबरच्या हरणांच्या मोसमात रायफल बाहेर निघणार, नाही तर भिंतीवर टांगलेली राहणार.

आता यंत्रावर नाव नसेल तर ते ओळखायचं कसं? मापांवरून. आणि ती मापं कुठून आली हे बघायला गेलं की दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८७० च्या दशकात इथल्या गवताळ मैदानांवर रानरेड्यांची जी भयंकर कत्तल झाली, त्यातले शिकारी तळावरच शिसं वितळवून गोळ्या ओतायचे आणि पुंगळ्या पुन्हा भरायचे. दुकान शेकडो मैल दूर, दुसरा उपाय काय? १८८४ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लो यांनी आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि हे सगळं काम एका हातातल्या अवजारात बसवलं. फोटो पाहिला तर तुम्ही म्हणाल, अरे, हा तर अडकित्ता! दोन दांडे, मध्ये बिजागर, सुपारीच्या जागी काडतूस. पुढे १९२५ मध्ये आयडियल लायमन कंपनीकडे गेली आणि हा अडकित्ता पिढ्यान् पिढ्या विकला गेला. त्याच्या डाय बारीक होत्या, ५/८ इंच व्यासाच्या आणि इंचाला ३० आटे. हातातल्या अवजाराला तेवढं पुरेसं होतं.

पण हाताच्या मुठीला मर्यादा असते. रायफलची लांब पुंगळी अख्खीच्या अख्खी मापात दाबायची तर जोर लागतो, म्हणून अवजार बाकावर चढलं. खालून वर येणारा दट्ट्या, त्याला लांब दांडा, आणि वर आट्यांच्या भोकात फिरवून बसवलेली डाय. दट्ट्या वर पोचत आला की सांधे सरळ रेषेत येतात आणि हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक गन साइट कंपनीने आपल्या प्रेसला ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ आटे ठेवले. हे माप रूढ करण्याचं श्रेय बहुतेक त्यांनाच दिलं जातं. मग एकेक करत बाकीच्यांनी तेच उचललं. ना सरकारी समिती, ना आयएसआयसारखा शिक्का. गिऱ्हाइकाकडे आधीच असलेल्या डाय ज्या प्रेसमध्ये बसतील तोच खपणार, इतका साधा हिशेब.

दुसरं माप पुंगळीच्या बुडाशी. दट्ट्याच्या टोकावर पुंगळीची कड पकडणारा एक छोटा तुकडा असतो, शेल होल्डर. इथे बराच काळ 'हम करे सो कायदा' होता. कुणाचा आट्यांनी बसायचा, कुणाचा आणखी कसा, आणि एकाचा दुसऱ्याला चालायचा नाही. जो शेवटी जिंकला, म्हणजे खाचेत सरकवायचा आणि तारेच्या स्प्रिंगने अडकवायचा, तो मुख्यतः आरसीबीएसमुळे. या कंपनीची जन्मकथा मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात साध्या लोकांना गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने १९४३ मध्ये, घरच्या कपडे धुण्याच्या दुकानामागे, .२२ च्या फेकलेल्या पुंगळ्यांपासून गोळीचं वरचं कवच दाबून काढायची डाय बनवली. त्या गोळ्या रॉक चक नावाच्या मॉर्मटसाठी, म्हणजे मोठ्या खारीच्या जातभाईसाठी. म्हणून डायचं नाव रॉक चक बुलेट स्वेज आणि त्याची आद्याक्षरं ती कंपनी.

युद्ध संपल्यावर सरकारकडे दारूचे डोंगर उरले होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती दारू घाऊक उचलली, एक जुना रेल्वेचा डबा कुरणात उभा करून त्यात साठवली आणि पोस्टाच्या ऑर्डरवर विकली. स्वस्त दारू, युद्धावरून परतलेले लाखो नेमबाज आणि लेथवर बसलेले कारागीर, हे तिन्ही एकत्र आल्यावर प्रेस बनवणाऱ्यांचं पेवच फुटलं.

बिननावाच्या प्रेसचं कोडं इथे उलगडतं. या गर्दीत बरेच जण छोटे होते, आणि कित्येकदा एकाने ओतलेलं यंत्र दुसरा आपल्या नावाने विकायचा. ओतकामात नाव घालायचं तर साचा अडकून पडतो. त्यापेक्षा नावाची चिकटपट्टी सोपी. ती तेलाने आणि घामाने पाच-दहा वर्षांत जाते. याला अपवाद मिनेसोटाच्या वासेका गावची हर्टर्स कंपनी. जाडजूड कॅटलॉगमधून ती बदकांच्या प्रतिकृतींपासून प्रेसपर्यंत सगळं विकायची, आणि स्वतःची स्तुती अशी करायची की आपल्या निवडणुकीच्या पत्रकांनी लाजावं. यंत्रं मात्र खरोखर दणकट. अडचण अशी की त्यांच्या जुन्या प्रेसना त्यांचेच शेल होल्डर लागतात आणि कंपनी कधीच बुडाली.

तर मी व्हर्नियर आणि पिच गेज घेऊन बसलो. वरचं भोक आतून साधारण २०.५ मिलिमीटर, आट्यांचं अंतर १.८ च्या आसपास. मेट्रिकमध्ये वाढलेल्या माणसाला हे माप विचित्र वाटतं, पण २५.४ ला १४ ने भागा, १.८१ येतं. म्हणजे ७/८, १४ आटे. दट्ट्याच्या टोकाला खाच आणि स्प्रिंगची तार. शेजारी दुकानातून आणलेला नवा शेल होल्डर 'टक' करून बसला. सांगाडा इंग्रजी सी अक्षरासारखा, पुढून उघडा. म्हणजे हा अडकित्त्याच्या काळातला नाही आणि हर्टर्सच्या त्या जुन्यांपैकीही नाही. दोन्ही मापं जुळल्यानंतरचा, विसाव्या शतकाच्या मध्याचा किंवा थोडा पुढचा. नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा जरा हिरमुसले, पण आजची कुठलीही डाय त्यात बसते म्हटल्यावर खुलले.

'चालेल का' हा प्रश्न वेगळा. बीड वाकत नाही, तडकतं. म्हणून आधी बाजारात माठ घेताना करतो तसं टिचकी मारून ऐकलं, लहान हातोडीने. आवाज खणखणीत. मग सांध्यांवर रॉकेल पुसून वर खडू फासला. कुठे बारीक चीर असेल तर रॉकेल झिरपून खडूवर रेघ उमटते. उमटली नाही. दट्ट्या हलवून पाहिला, खेळ थोडा होता पण चालण्यासारखा. सी आकाराची खोड अशी की जोर पडला की जबडा किंचित उघडतो. पिस्तुलाच्या आखूड पुंगळीला फरक पडत नाही, लांब पुंगळीला पडू शकतो. म्हणून तर पुढे ओ आकाराचे, चारी बाजूंनी बंद सांगाडे लोकप्रिय झाले. आजोबांना सांगितलं, पुंगळीला वंगण लावा, घाई करू नका, आणि दांड्यावर लोंबकळू नका. वंगणाशिवाय दाबलेली पुंगळी डायमध्ये अशी रुतते की काढायला वेगळं अवजार लागतं.

पण खरा धोका प्रेसमध्ये नाहीच. प्रेस फोडला तर बोट चेमटेल. बंदुकीच्या घरात जो दाब तयार होतो तो दारूच्या जातीवर आणि वजनावर ठरतो, आणि प्रेसला त्यातलं काही कळत नाही. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर नळीच फुटू शकते. लिलावाच्या त्या खोक्यात दारूचा एक अर्धा डबाही होता, झाकणावर कुणीतरी पेन्सिलीने काही लिहिलेला. आजोबांना तो वापरायचा होता, दारू महाग झाली आहे म्हणून. यावरून आमचं चांगलं वाजलं. शेवटी त्यांच्या सुनेने मध्यस्थी केली आणि डबा गेला. दारू नवी, सीलबंद. वजन छापील पुस्तकातलं, तराजूवर मोजलेलं. आणि त्याआधी रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला.

खोक्यातल्या पुंगळ्या निवडताना एक वेगळीच हाती लागली. बुडावर इंग्रजी अक्षरं, के आणि एफ. आजोबांना काही अर्थबोध होईना, मी मात्र उडालोच. के.एफ. म्हणजे किरकी, आपली खडकी! पुण्याचा तो दारूगोळा कारखाना १८६९ चा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. भारतातून विकल्या गेलेल्या जुन्या ब्रिटिश .३०३ काडतुसांपैकी ही एखादी, समुद्र ओलांडून गाईंच्या गोठ्यात पोचलेली.

"ही पण भरता येईल का?" आजोबांनी विचारलं. मी ती उजेडाकडे धरून आत पाहिलं. बुडाशी मधोमध एका भोकाऐवजी दोन बारीक भोकं. १८६६ च्या सुमारास दोघांनी टोप्या शोधल्या, इंग्लंडच्या वुलिच शस्त्रागारातल्या एडवर्ड बॉक्सर यांनी आणि अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी. बॉक्सरच्या टोपीत ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मध्ये एकच भोक, म्हणून प्रेसची सुई सरळ आत जाऊन टोपी ढकलते. बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच, भोकं तिच्या बाजूंना. सुई ऐरणीवर आपटून मोडते. आणि गंमत बघा, इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन माणसाची युरोपने. घरोघरी रीलोडिंग अमेरिकेत फोफावलं त्याला हे एक भोकही कारण आहे. खडकीची ही पुंगळी बर्डनची होती.

आजोबांनी ती एका वेगळ्या डबीत टाकली आणि झाकणावर मार्करने लिहिलं: 'प्रेसमध्ये घालू नये. इंडिया.'