लेखणीवर जगण्याची मराठी वाट

मराठीत केवळ लेखनावर जगलेल्या माणसांची यादी करायला बसलं, तर ती फार लांबत नाही. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाचं व्यवस्थापन सांभाळत कादंबऱ्या लिहीत होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करत होते. केशवसुत शाळेत शिकवत होते, वि. स. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत उमेदीची वर्षं घालवली आणि ना. सी. फडके प्राध्यापक होते. या नावांवरून सर्रास निष्कर्ष काढला जातो, की मराठी भाषा लेखकाला मोठा करते पण पोसत नाही, तेव्हा नव्या लेखकाने आधी नोकरी बघावी. सल्ला व्यवहारी आहे, पण त्यामागचा इतिहास अर्धाच सांगितला जातो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी लेखकाला पैसा, वाचक आणि हक्क मिळवून देणारे आधार अनेकदा उभे राहिले. त्यांचा माग काढला की एक गोष्ट स्पष्ट दिसते: लेखक स्वतंत्र झाला तो आश्रयदाता नाहीसा झाल्यामुळे नव्हे, तर आश्रयदाते अनेक झाल्यामुळे. आणि दारं अनेक असूनही ज्याच्या हाती आपल्या लेखनाचा हक्क राहिला नाही, तो लोकप्रिय होऊनही कंगाल राहिला.

पहिला संघटित आधार होता दक्षिणेचा. पेशवाईत श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर कंपनी सरकारने ती प्रथा एकदम मोडली नाही. त्यातला काही पैसा 1821 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. 1849 च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मताच्या सुधारकांनी अर्ज केला, की या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी मंडळी खवळली, पण 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. या निर्णयाचं मोल मोठं आहे. शास्त्रार्थ पाठ असल्याबद्दल मिळणारा पैसा आता देशभाषेत नवं लिहिल्याबद्दल मिळू लागला. जन्माने नव्हे, हस्तलिखिताने पात्रता ठरणार होती. निदान तत्त्व तरी तसं होतं. प्रत्यक्षात 1855 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या भिडेमुळे ते नाकारलं गेल्याचं फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवलं. शूद्र शेतकऱ्याला धर्माच्या नावाने कसं लुबाडलं जातं हे सांगणारं हे नाटक छापून यायला शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. फुल्यांचं बाकीचं लेखन उभं राहिलं, कारण त्यांच्यामागे ठेकेदारीचा व्यवसाय होता आणि पुढे सत्यशोधकांची संघटना होती. ज्याच्याकडे हे दोन्ही नव्हतं, अशा माणसाचं हस्तलिखित त्या एकाच दारातून परत आलं असेल तर आज त्याचं नावही आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. आश्रय देणारा एकच असला, की त्याची आवडनिवड हीच त्या काळच्या साहित्याची सीमा होते.

दुसरा आधार वर्गणीदाराचा, आणि माझ्या मते मराठी लेखनाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल तोच. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक असताना 1874 मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि 1879 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सरकारचा पगार घेऊन सरकारी धोरणावर आणि मिशनऱ्यांवर टीका करणं फार दिवस निभणारं नव्हतं; महिन्याच्या महिन्याला मालेची वाट पाहणारे वाचक होते, म्हणून राजीनामा केवळ हौतात्म्य ठरला नाही. त्यांच्या मतांपैकी कित्येक आज पटणारी नाहीत. फुल्यांवर त्यांनी केलेली टीका तर अन्यायाचीच होती. पण पगाराऐवजी विखुरलेल्या वाचकांच्या छोट्या छोट्या रकमांवर मत मांडता येतं, हे त्यांनी दाखवलं. 1890 मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात क्रमशः येऊ लागली. मग 1895 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिक सुरू केलं आणि 1909 मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना त्यांच्यासमोर होता, पण इथे तो रुजला त्याला इथलीच कारणं होती. खरिपाचं पीक हाती आलेलं, शाळा-कचेऱ्यांना सुटी, घरोघरी खरेदीचा काळ आणि म्हणून जाहिराती देणाऱ्या व्यापाऱ्यांचा हात मोकळा. जाहिरातीच्या पैशातून जाडजूड अंक निघू लागला, आणि जाडजूड अंकाला पुष्कळ लेखक लागतात.

दिवाळी अंकाने लेखकाला काय दिलं याचा विचार आपण फार कमी केला आहे. संपादकाचं पत्र पावसाळ्याच्या तोंडाशी येतं; विषय, पृष्ठसंख्या आणि मुदत ठरते; मजकूर गणपतीच्या आगेमागे हाती पडावा अशी अपेक्षा असते; अंक निघाल्यावर मानधन येतं. एकटा बसून लिहिणाऱ्या माणसाला लागणारं वेळापत्रक या व्यवहाराने दिलं. चांगला संपादक कथा परत पाठवून शेवट पुन्हा लिहायला लावतो, हे शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळत नव्हतं. मासिकांचं स्वरूपही एकसारखं नव्हतं, हे महत्त्वाचं. ‘किर्लोस्कर’ 1920 मध्ये निघालं ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं मासिक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याला महाराष्ट्रभर पोचणारं वैचारिक व्यासपीठ बनवलं, 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ची जोड दिली. नांगर आणि चरक बनवणाऱ्या उद्योगाच्या बळावर विज्ञाननिष्ठेचे, सुधारणेचे लेख घरात शिरले, आणि ‘स्त्री’मुळे कित्येक बायकांना स्वतःच्या नावावर छापून येण्याची जागा मिळाली. 1933 पासूनच्या ‘सत्यकथे’ची कसोटी वेगळी, अनंत अंतरकरांनी 1946 मध्ये काढलेल्या ‘हंस’ची वेगळी, आणि रहस्यकथांच्या स्वस्त पुस्तकमालांची आणखी वेगळी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. तेवढ्या खपवणारा बाजार होता म्हणूनच त्या लिहिल्या गेल्या. एका संपादकाने नाकारलेलं लेखन दुसरा घेऊ शकत होता. दक्षिणा कमिटीच्या काळात नसलेली ही सोय.

पैशासाठी आणि मुदतीवर लिहिलं की लेखन बिघडतं, हा आक्षेप जुना आहे, आणि त्यात काहीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. दिवाळीच्या तोंडावर घाईने उरकलेल्या कथांचे ढीग ज्यांनी वाचले आहेत त्यांना ते सांगायला नको. पण पुरावा उलट बाजूनेही भक्कम आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमूची कहाणी हप्त्याहप्त्याने लिहिली गेली, पुढचा अंक मागणाऱ्या वाचकांसाठी. गडकरी, देवल, खाडिलकर नाटक मंडळ्यांच्या गरजेने लिहीत होते. कंपनीत गाणारा नट कोण आहे हे पाहून पदं रचली जात होती. मुदत आणि मागणी यांनी प्रतिभा मारली जात नाही. मारली जाते ती लेखकाला नकार देण्याची ताकद उरत नाही तेव्हा. महिन्याचं भाडं एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असेल तर तो सांगेल ते लिहावं लागतं. म्हणून नोकरीही या प्रश्नाचं निर्दोष उत्तर नव्हे. वकिली, प्राध्यापकी, सरकारी हुद्दा या फावल्या वेळेच्या जागा दीर्घकाळ विशिष्ट जातींच्या, विशिष्ट शिक्षणाच्या आणि जवळजवळ फक्त पुरुषांच्या वाट्याला होत्या. ‘नोकरी करून लिहा’ या सल्ल्याने मराठी साहित्य टिकलं हे खरं. त्याच सल्ल्याने ते किती काळ अरुंद राहिलं, हेही तितकंच खरं.

आजच्या सांगली जिल्ह्यात वर्षभराच्या अंतराने जन्मलेल्या दोन माणसांकडे पाहिलं की हा मुद्दा पुरता उमगतो. ग. दि. माडगूळकर 1919 चे, शेटफळ्याचे. अण्णा भाऊ साठे 1920 चे, वाटेगावचे. दोघांच्याही घरी दारिद्र्य. माडगूळकर मॅट्रिकला नापास झाले, कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत किरकोळ कामं करू लागले, खांडेकरांचे लेखनिक झाले आणि तिथून पटकथा, संवाद, गीतं असं सगळंच त्यांच्या लेखणीतून उतरू लागलं. पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर 1 एप्रिल 1955 पासून दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची 56 गीतं प्रसारित झाली. चित्रपट, नभोवाणी, ध्वनिमुद्रिका, पुस्तकं: एकाच लेखणीला चार दारं उघडी होती, आणि पदवी नसलेला माणूस लेखनावर घर चालवू शकला. अण्णा भाऊ मातंग समाजात जन्मले. शाळा नावापुरतीच. मुंबईत गिरणीत राबले, 1944 मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘फकिरा’ 1959 ची. तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, रशियात त्यांचं लेखन पोचलं. तरीही घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिलेला हा लेखक 1969 मध्ये पन्नाशीच्या आतच, हलाखीत गेला. वाचक नव्हते असं कोणी म्हणू शकणार नाही. वाचकांनी दिलेला पैसा लेखकापर्यंत पोचण्याची वाट मोडकी होती. शिवाय जातीने जी दारं माडगूळकरांना सहज उघडली, ती अण्णा भाऊंसाठी तितकी उघडी नव्हती, हे सोडून या दोघांची तुलना करणं अप्रामाणिकपणाचं होईल. तरीही मला वाटतं, हक्काचा प्रश्न इथे जातीच्या प्रश्नाला येऊन मिळतो: ज्याच्यामागे ओळखी नाहीत, त्याला कागदावरच्या कराराची गरज सर्वांत जास्त असते.

आणि नेमकं इथेच आपला व्यवहार सर्वांत कच्चा राहिला. कायदा नव्हता असं नाही. 1914 मध्ये स्वामित्वहक्काचा कायदा आला, 1957 मध्ये स्वतंत्र भारताने आपला केला. नोकरीत नसलेला लेखक मासिकाला कथा देतो तेव्हा, वेगळा करार नसेल तर, तिचा हक्क त्याच्याकडेच राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी असावं लागतं, रॉयल्टी किती ते नमूद करावं लागतं, आणि 1994 च्या दुरुस्तीनंतर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटाच्या गीतकाराला आणि पटकथाकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा कायमचा सोडून देता येत नाही असं ठरवलं. माडगूळकरांच्या पिढीला हे संरक्षण नव्हतं. स्वतंत्र लेखन करू पाहणाऱ्या माणसाला छंद, अलंकार आणि कथातंत्र शिकवणारी पुस्तकं मराठीत मिळतात; ही चार कलमं सोप्या भाषेत शिकवणारा वर्ग मात्र क्वचित भरतो. संबंध बिघडू नयेत म्हणून करार मागायचा नाही, ही सभ्यता आपल्याकडे रूढ आहे. तिची किंमत नेहमी लेखकानेच मोजली.

शेवटचा आक्षेप बाजाराचा: मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, त्यावर कोण जगणार? हिशेब करून पाहू. दोनशे रुपयांचं पुस्तक, हजार प्रती, दहा टक्के रॉयल्टी: सगळी आवृत्ती संपली तर वीस हजार रुपये, तेही दोन-चार वर्षांत विखुरलेले. पण प्रतींचा आकडा म्हणजे वाचकांचा आकडा नव्हे. 1893 मध्ये ठाण्यात आणि 1898 मध्ये मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालयं स्थापन झाली, गल्लोगल्ली सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या निघाल्या, 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि आज राज्यात हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. एक प्रत पन्नास घरांत फिरते, पण लेखकाला मोबदला एकाच प्रतीचा मिळतो. दिवाळी अंक तर ठरावीक वर्गणीत अख्ख्या हंगामाचे वाचून होतात. ही वाचनसंस्कृती अभिमानास्पद आहे आणि वाचकावर एक पैशाचाही बोजा टाकू नये, असंच मी म्हणेन. मात्र डेन्मार्कने 1946 मध्ये आणि ब्रिटनने 1979 च्या कायद्याने यावर उपाय काढला: ग्रंथालयातून पुस्तक वाचलं जातं त्याचा छोटा मोबदला लेखकाला मिळतो, आणि तो वाचक नव्हे, सरकार देतं. महाराष्ट्राने हाच खर्च आजवर पुरस्कार आणि अनुदानांच्या रूपात केला. 1960 मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला त्याने दिलेल्या अनुदानामुळे कित्येकांना सुरुवात करता आली. पण अनुदान समिती ठरवते, आणि समितीपुढे ‘तृतीय रत्न’चं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदीवरून मिळणारा मोबदला कोणाच्या पसंतीवर अवलंबून नसतो. तालुक्याच्या वाचनालयात ज्याचं पुस्तक हातोहात फिरतं, त्याला तो मिळतो, मग त्याला पुण्या-मुंबईत कोणी ओळखत असो वा नसो. ग्रंथालयांना दरवर्षी अनुदान जातंच. त्यासोबत देवघेवीची नोंद संगणकावर ठेवणं सक्तीचं केलं आणि अनुदानाच्या रकमेचा लहानसा हिस्सा त्या नोंदीनुसार लेखकांकडे वळवला, तर त्यासाठी नवी समितीही नेमावी लागणार नाही.