शिकार, ठेच आणि वैद्य

वाचकहो, शिकारीची गोष्ट बहुधा बंदुकीच्या बारापाशी संपते. वाघ पडतो, रानडुक्कर लोळते आणि सांगणारा मिशीवर हात फिरवून थांबतो. पण त्याच दिवशी हाकाऱ्यातला एखादा गडी जखमी झाला असेल, तर त्याला गावापर्यंत कशावर घालून आणले, त्याची जखम कशाने धुतली, तो पुढे जगला की नाही, हे क्वचितच कोणी सांगतो. आज त्या राहून गेलेल्या भागाकडे वळू.

आरंभ कौटिल्यापासून करतो. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. जुगार अधिक वाईट की मृगया, असा तेथे वाद चालला आहे. पिशुन नावाचा आचार्य मृगयेतील जिवावरची संकटे एकेक मोजून दाखवतो: चोर, शत्रू, हिंस्र श्वापद, वणवा, ठेच लागून पडणे, दिशाभूल, भूक आणि तहान. ही यादी नीट पाहा. श्वापदाला तीत एकच जागा आहे! वैशाखाच्या उन्हात भोकरदनकडून अजिंठ्याच्या डोंगराकडे जो पायी गेला असेल, त्याला शेवटच्या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको.

कौटिल्य स्वतः मृगयेची बाजू घेतो. तिने व्यायाम घडतो, मेद झडतो, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, असे त्याचे म्हणणे. मात्र राजाने जायचे ते रान चोर, श्वापदे आणि शत्रू यांच्यापासून आधी निर्भय करून घ्यावे, हेही तोच सांगतो. युद्धाच्या वेळी तर शस्त्रे, औषधे, स्नेह म्हणजे तेल-तूप, आणि पट्ट्यांसाठी वस्त्रे हाती घेऊन वैद्यांनी सैन्याच्या पाठीशी उभे राहावे, अशी त्याची आज्ञा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही छावणीतील वैद्याविषयी एक अध्याय आहे. राजाच्या तंबूलगत वैद्याचा मुक्काम असावा. उंच ध्वजासारखा तो सर्वांना ठाऊक असावा, म्हणजे विष चढलेले, शल्य लागलेले लोक न गोंधळता त्याच्याकडे येतील. संकट येण्यापूर्वीच मदतीची जागा ठरलेली हवी, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

तो विचार उपयोगी पडल्याचे एक उदाहरण पाहा. १५९६ साली अकबर बादशहा हरणांची झुंज पाहत असता एक हरीण त्याच्यावर धावून आले आणि शिंग नाजूक जागी लागले. सूज आली, दरबार चिंतेत पडला. पण हकीम जवळच होते, जखमा बांधण्यात तरबेज माणसेही होती, आणि बादशहा बरा झाला. मलम लावण्याचे काम आपल्याकडे होते, असे अबुल फज्लने अभिमानाने लिहून ठेवले आहे. हाच अबुल फज्ल पुढे दक्षिणेत आला आणि काही काळ आपल्या जालन्यास राहिला, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. बादशहाला शिंग लागले त्याचा वृत्तांत ग्रंथात उतरला. हरणे पकडणाऱ्यांपैकी किती जणांना शिंगे लागली, ते कोण लिहिणार?

इंग्रजी अमदानीतही हेच चालले. १८१९ सालच्या एप्रिलात मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या दरीत आला आणि अजिंठ्याची लेणी जगाला पुन्हा दिसली, हे आपण शाळेत शिकलो. स्मिथचे नाव राहिले. त्याच्याबरोबरच्या वाटाड्याचे नाव मात्र आपल्याला शिकवले गेले नाही. पुढे १८२७ साली जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची छावणी वसली आणि १९०३ पर्यंत टिकली. पलटणीला सर्जन असे. तो साहेबांच्या तंबूपासून जवळ होता. झुडपे बडवीत, डबे वाजवीत पुढे जाणाऱ्या हाकेकऱ्यापासून मात्र फार लांब होता.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजोबांच्या मांडीवर वीतभर व्रण होता. निजामी अमदानीत, १९४८ च्या काही वर्षे आधी, एका बड्या असामीच्या शिकारीसाठी आमच्या गावातून हाकेकरी गेले होते. रानडुकराने सुळा मारला आणि आजोबांची मांडी उसवली. घोंगडीची झोळी करून त्यांना रानातून काढले, हळद-तेल भरून फडके आवळले, आणि रातोरात बैलगाडीने शहरातल्या डॉक्टरकडे नेले. आजोबा वाचले. त्याच हाकाऱ्यात त्यांच्या एका सोबत्याच्या तळपायात बाभळीचा खुंट गेला होता. एवढ्याशा जखमेचे काय, म्हणून त्याने माती दाबली आणि दुसऱ्या दिवशी औत धरले. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. दोन दिवसांत गडी गेला. आजोबा म्हणत, "डुकरानं मला सोडलं आन् काट्यानं त्याला नेलं."

हा धनुर्वात. त्याचे जंतू मातीत असतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत वाढतात. बेरिंग आणि कितासातो यांनी त्यावरील प्रतिविषाचा शोध १८९० साली लावला होता. पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांना ते टोचून असंख्य जीव वाचवले गेले. म्हणजे औषध जगात होते. आमच्या गावात नव्हते, आणि ते मागावे हे ज्ञानही नव्हते. पिशुनाच्या यादीतली 'ठेच' आठवते ना? ती अशी जीव घेते.

शिकाऱ्यांच्या पेटीतही सगळे योग्यच होते असे नाही. जखमा धुण्यासाठी कार्बोलिक अॅसिड आले ते लिस्टरने १८६७ साली त्याचे महत्त्व पटवल्यानंतर. पुढे विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, सापाच्या दंशावर चीर देऊन चोळण्याची पद्धत १९०४ च्या सुमारास निघाली. नंतर ती निरुपयोगी, उलट घातक ठरली. नुसती पेटी पुरत नाही. तीत काय आहे ते कळावे लागते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती जुनी शिकार संपली, आणि ते योग्यच झाले. पण शिकारीतली संकटे शिवारात राहिलीच आहेत. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप, विंचू, रानडुक्कर यांची गाठ पडतेच. आपल्याच भोकरदन तालुक्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथे सरकारी डॉक्टर म्हणून गेले. तेथे विंचूदंशाने माणसे हृदय निकामी होऊन मरताना त्यांनी पाहिली. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी अभ्यास केला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरात आणले. जेथे शंभरांत तीस-चाळीस रोगी दगावत, तेथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राजाच्या तंबूशेजारचा वैद्य येथे रानातल्या माणसाशेजारी येऊन बसला.

तेव्हा वाचकहो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. वाहत्या रक्तावर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. काटा-खुंट लागला तरी धनुर्वाताची लस चुकवू नका. जनावर चावले तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला न हलवता निजवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

आणि आजच संध्याकाळी पारावर बसाल तेव्हा एवढे विचारून ठेवा: रात्री गाडी कोणाची मिळेल, आणि प्रतिविष जवळ कोठे आहे? आजोबांच्या सोबत्यासाठी हे कोणी विचारले नव्हते.