घाटाने तयार केलेले कान

महाड-पोलादपूर म्हणजे तीन घाटांचा पायथा. महाडहून भोरकडे वरंध, पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी आणि खेडकडे कशेडी. आमच्या भागातल्या जीपच्या मिस्त्रींची विद्या या तीन घाटांनीच घडवली, असं माझं ठाम मत आहे. माझं सगळं आयुष्य महाडच्या गॅरेजात गेलं, म्हणून हे सांगायचा हक्क मला वाटतो.

महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा सुटे भाग अमेरिकेतून यायचे. मुळात ही दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेली गाडी. लष्कर आणि सरकारी खाती वापरून झाली की ती लिलावात निघायची. माझ्या वस्तादांकडे आलेल्या बहुतेक जीपा अशा लिलावातल्याच. कुणी त्यात पाचाडची माणसं भरायचा, कुणी डोंगरातल्या वाडीवरून भाताची पोती आणायचा. पार्ट मुंबईहून यायला वेळ लागे, म्हणून अंदाजाने गाडी उघडणं परवडत नसे. आवाज कुठून येतो हे आधी पक्कं करायचं, मगच पाना उचलायचा.

वस्ताद गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "दादा, चढाला वाजते की उताराला?" वरंध चढताना, पाय दाबलेला असताना घों घों येतो आणि पाय काढला की थांबतो, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर. आंबेनळी उतरताना पाय सोडल्यावर सुरू होतो, तर पिनियनचं बेअरिंग आधी बघायचं. गाडी निघताना एकदाच 'खट्ट' झालं, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस ढिला. डाव्या वळणावर आवाज वाढत असेल, तर उजव्या चाकाचं हब तपासायचं, कारण वळताना भार तिकडे जातो. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये आवाज येतोय आणि क्लच दाबला की बंद होतोय, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. मागे धुंडाळण्यात वेळ घालवायचा नाही.

एवढ्यावर भागलं नाही, तर चारही चाकं वर घेऊन गाडी गिअरमध्ये चालवायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगवर आणि मूठ कानामागच्या हाडावर. एकेक बेअरिंग असं ऐकत पुढे सरकायचं. विलीजचा ट्रान्सफर केस नवा असतानाही थोडा गुणगुणतो. तो आवाज आजार नव्हे, हे शिकायलाच पोराला सगळ्यात जास्त वेळ लागतो. शेवटी ड्रेन प्लग काढून तेल दोन बोटांत चोळायचं. चकचकीत कण लागले तर दात किंवा बेअरिंग झिजतंय, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

पाणी शिरणं हा खास आमच्याकडचा रोग. पावसाळ्यात पऱ्ह्या ओलांडताना घाटातून आलेला तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडतो. आतली हवा आकसते आणि जुनाट सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात आत गेलेलं पाणी बेअरिंग खाऊन दिवाळीच्या सुमारास बोलायला लागतं. जुलै २०२१ च्या महापुरात तर महाडच्या बाजारपेठेत गाड्याच्या गाड्या गाळात बुडाल्या. ज्यांनी तेव्हा नुसतं इंजिन धुऊन घेतलं, त्यांच्या गाड्या पुढे हबमधून कुरकुरत परत आल्या. तेव्हापासून मी पुरातली गाडी सगळी तेलं काढल्याशिवाय सुरूच करू देत नाही.

आता तरुण पोरं थार घेऊन येतात. त्यांची एक तक्रार ठरलेली: आंबेनळीच्या आखूड वळणावर स्टिअरिंग जड होतं, खालून कडकड येते, गाडी अडखळते. मी आधी लिव्हर बघतो. ती फोर व्हीलवर राहिलेली असते. विलीजमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नव्हता, थारमध्येही नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून ताण गिअरांवर येतो. लिव्हर टू व्हीलवर घेऊन गाडी जरा मागे-पुढे केली की ताण सुटतो. त्याचे पैसे मी घेत नाही. पण पोराला गाडीखाली घेऊन दोन्ही शाफ्ट हाताने दाखवल्याशिवाय सोडत नाही.