नाणे वाजवून घ्यावे : सातवाहन नाणी, ऑनलाइन लिलाव आणि बनावटीचा बाजार

१/ 'नाणे वाजवून घ्यावे' ही मराठी बाजारपेठेची जुनी शिकवण. सराफाच्या फरसावर नाणे टाकले की खरे-खोटे आवाजावरून कळे. ऑनलाइन लिलावात मात्र नाणे वाजत नाही. तेथे दोन छायाचित्रे असतात आणि त्यांखाली बहुधा एका ठराविक आशयाची ओळ असते : शेतात सापडलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहन नाणे. हा धागा त्या एका ओळीविषयी आहे.

२/ ती ओळ यवतमाळच्या वाचकाला अविश्वसनीय वाटत नाही, आणि तिचे बळ नेमके त्यातच आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या जिल्ह्यात शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद आजही बोलण्यात आहे. जुन्या पांढरीवर पाऊस कोसळून गेला की खापरे, मणी आणि क्वचित एखादे नाणे उघडे पडते. पैठण व तेर येथेही हेच घडत आले आहे.

३/ शेजारचेच उदाहरण पाहावे. १९३९ साली तऱ्हाळा या गावी सुमारे १६०० सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. आज ते यवतमाळला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यात येते. नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची होती. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे 'उज्जयिनी चिन्ह'.

४/ वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गौतमीपुत्र सातकर्णीपासून वंशाच्या अखेरच्या राजांपर्यंत अनेकांची नाणी त्या एकाच साठ्यात होती. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावेही त्यांत होती. पुराणांतील वंशावळीत ती नाहीत. तऱ्हाळ्याची नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर हे राजे आणि त्यांचा विदर्भाशी असलेला संबंध यांविषयी खात्रीने काय म्हणता आले असते?

५/ नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेला साठा याहून मोठा होता. त्यात क्षहरात राजा नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःची चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. एका सत्तेने दुसरीचा केलेला पराभव त्या धातूवर उमटला आहे. परंतु हे प्रमाण कळले ते साठा एकत्र राहिल्यामुळे. सुटे नाणे एवढे सांगू शकत नाही.

६/ खोटी नाणी ही काही आजची गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा 'रूपदर्शक' आहे आणि खोटे नाणे पाडणाऱ्यास शिक्षाही आहे. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ थर चढवलेली प्राचीन नाणीही मिळतात. फरक हेतूचा आहे. तेव्हाचा फसवणारा धातूविषयी खोटे बोलत होता, आजचा वयाविषयी खोटे बोलतो. म्हणून आज नुसता धातू खरा निघाल्याने काहीच सिद्ध होत नाही.

७/ आजच्या बनावटीची सर्वांत सोपी रीत म्हणजे खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतकाम करणे. ओतलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे राहतात, काठावर साच्याचा सांधा किंवा तो घासल्याच्या खुणा असतात. येथे एक सावधगिरी हवी : प्राचीन भारतातील काही तांब्याची नाणी मुळातच ओतीव होती. तेव्हा त्या प्रकारचे नाणे मुळात ठोकलेले की ओतलेले, हे आधी ठाऊक असावे लागते.

८/ सर्वांत उपयोगी कसोटी जुळ्यांची. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात. पण त्यांचा घेर, काठाची चीर, ठशाचे एका बाजूला सरकणे आणि झीज ही सर्व एकसारखी असू शकत नाहीत. तीच चीर व तोच तुटका काठ दोन नाण्यांवर दिसला, तर दोन्ही एका साच्यातून आली आहेत, किंवा एक मूळ व दुसरे त्याची नक्कल आहे. म्हणून बोली लावण्यापूर्वी त्या प्रकारची पूर्वी विकली गेलेली नाणी शेजारी ठेवून पाहावीत.

९/ विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : ग्रॅममध्ये अचूक वजन, मिलिमीटरमध्ये व्यास आणि काठाचे छायाचित्र. सातवाहन राजांची मुखवटा असलेली चांदीची नाणी साधारण दोन ग्रॅमच्या आसपास भरतात. वजनात मोठी तफावत असेल तर थांबावे. तुलनेसाठी रॅप्सन यांनी १९०८ साली सिद्ध केलेली ब्रिटिश म्युझियमची सूची आजही आधार आहे. शक्य तेव्हा नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयात खरी नाणी प्रत्यक्ष पाहावीत. डोळा असाच तयार होतो.

१०/ लोकप्रिय कसोट्यांच्या मर्यादाही ओळखाव्यात. लोहचुंबकाला चिकटलेले 'चांदीचे' नाणे खोटे खरे, पण न चिकटलेले खरेच असते असे नाही. हिरवा थर रसायनाने एका आठवड्यात चढवता येतो आणि मातीही चिकटवता येते. आवाजाचेही तसेच : शिसे मुळातच बद्द वाजते आणि जमिनीत शतकानुशतके पडून ठिसूळ झालेली खरी चांदीही खणखणत नाही.

११/ आता पुन्हा पहिल्या ओळीकडे. 'शेतात सापडले' हे विधान खोटे असेल, तर नाणे संशयास्पद. खरे असेल, तर व्यवहार संशयास्पद. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शिवाय पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. त्याच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

१२/ म्हणजे जी ओळ ग्राहकाला भुलवते, तीच दोन्ही बाजूंनी धोक्याची खूण आहे. तिच्याऐवजी विचारावे ते असे : नाणे यापूर्वी कोणत्या संग्रहात होते? कोणत्या लिलावाच्या सूचीत छापले गेले? विक्रेत्याचा परवाना क्रमांक काय? पावतीवर 'खरे नसल्यास परत' असे लिखित मिळेल काय? उत्तरे टाळली जात असतील, तर स्वस्त भाव हेही कारण पुरेसे नाही.

१३/ कायदा पाळणाऱ्या शेतकऱ्याची अडचणही मान्य करायला हवी. १८७८ च्या कायद्याने सरकारने निधी संपादन केल्यास भरपाई ठरते ती धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग. सोन्याच्या नाण्यांना ती बरी. पोटीन वा शिशाच्या नाण्यांना जवळजवळ मोडीचाच भाव. जे इतिहासाला सर्वांत मोलाचे, त्याला कायद्याच्या तराजूत वजन नाही. साठे मुकाट्याने फुटतात त्याचे हे एक मोठे कारण. बाजारातील खरा माल असा बेवारशी होतो, आणि बेवारशी मालातच बनावट सहज मिसळते.

१४/ म्हणून फसवणुकीपासून स्वतःला वाचवणे आणि इतिहास वाचवणे ही दोन कामे वेगळी नाहीत. 'हे कोठून आले?' या एका प्रश्नाने दोन्ही साधतात. यवतमाळच्या एखाद्या पांढरीतून उद्या नवा तऱ्हाळा निघेलही. तो राजांची नावे सांगेल की चाळीस पाकिटांतून चाळीस घरी जाईल, हे त्या दिवशी नांगर धरणाऱ्यावर जेवढे अवलंबून असेल, तेवढेच पडद्यासमोर बोली लावणाऱ्यावरही.